थंडीतली घरटी

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर अशा गावांतून कासवमित्र पहाटे उजाडायच्या आत पुळणीवर उतरतात. रात्री मादी येऊन गेली असेल तर तिचा माग वाळूवर असतो, भरतीच्या रेषेपासून वर आलेला आणि वळून परत पाण्यात गेलेला. माग जिथं वळतो तिथं वाळू चाचपायची, भुसभुशीत जागा लागली की हातानं उकरायची. दीडेक फुटावर अंडी असतात, शंभराच्या आसपास. ती हलक्या हातानं बालदीत घ्यायची. उलटीपालटी करायची नाहीत, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. मग कुंपणाच्या आत, हॅचरीत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची आणि वहीत तारीख, अंड्यांची संख्या, जागा लिहून ठेवायची.

माझं काम तिथून पुढचं. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि या घरट्यांचं तापमान मोजणं हा माझा उद्योग. अंडी पुरताना त्यांच्या मधोमध एक छोटा डेटा लॉगर ठेवते. तो दर तासाला तापमान टिपत राहतो. पिल्लं निघून गेली की तो उकरून काढायचा, संगणकाला जोडायचा आणि दीड-दोन महिने वाळूच्या पोटात काय चाललं होतं ते बघायचं. हे काम करताना मला जे दिसत गेलं, त्यानं कासवांच्या संख्येकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलून टाकली. त्याबद्दल लिहायचं आहे.

माणसाचा लिंगनिर्णय गर्भ राहतो त्या क्षणी होऊन गेलेला असतो. समुद्री कासवांत तसं नाही. त्यांच्यात नराचं गुणसूत्र, मादीचं गुणसूत्र असा भेदच नसतो. अंडं वाळूत पडल्यावर, उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात घरट्याचं तापमान किती राहिलं त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. ऑलिव्ह रिडलेसाठी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही साधारण सारख्या संख्येनं निघतात. २८ च्या खाली जवळजवळ सगळे नर, ३२ च्या वर जवळजवळ सगळ्या माद्या. त्याहीपुढे जाऊन तापमान ३५ च्या घरात रेंगाळलं तर गर्भ अंड्यातच मरू लागतात. जगणं आणि मरणं यांच्यात अंतर किती थोडं आहे पाहा. सगळा खेळ सात-आठ अंशांचा.

पिल्लाकडे बघून ते नर की मादी हे कुणालाच सांगता येत नाही. एक कासवमित्र काका, ज्यांनी तरुणपणी अंडी बाजारात जाताना पाहिली आहेत आणि आता त्याच अंड्यांची राखण करतात, ते मला नेहमी विचारायचे, "ताई, ह्या घरट्यातली पोरं म्हणायची की पोरी?" मी सांगायचे, काका, ते कळायला पिल्लाची अंतर्गत ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, आणि जिवंत पिल्लाला आपण हात लावणार नाही. समुद्री कासव हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. घरट्यात मेलेलं पिल्लू तपासायचं तरी वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. मग उरतं तापमान. आणि तापमानाचा लॉगर नसेल तर उरतात दिवस.

दिवसांचं गणित सोपं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. वाळू थंड असेल तर गर्भाची वाढ सावकाश होते, पिल्लं बाहेर यायला पंचावन्न-साठ दिवस लागतात. वाळू तापलेली असेल तर पंचेचाळीस दिवसांतच वर येतात. म्हणजे एखाद्या घरट्याला किती दिवस लागले एवढं जरी माहीत असलं, तरी त्यात नर जास्त होते की माद्या याचा अदमास बांधता येतो. आपल्याकडे डिसेंबरात पुरलेली अंडी जानेवारीच्या थंडीत वाढतात. त्या घरट्यांना दिवस जास्त लागतात. मार्चमध्ये पुरलेल्या अंड्यांची वाढ एप्रिलच्या उन्हात होते, ती भराभर फुटतात. सरळ अर्थ असा की कोकण किनाऱ्याला नर मिळतात ते मुख्यतः हंगामाच्या सुरुवातीच्या, थंडीतल्या घरट्यांतून. उन्हाळ्यातली घरटी जवळपास सगळी माद्यांची.

हे एकदा मनात पक्कं बसलं की हंगाम उशिरा सुरू झाल्याची बातमी वेगळीच ऐकू येते. अलीकडे काही वर्षं पाऊस ऑक्टोबर संपला तरी हटत नाही, अरबी समुद्रात वादळं उठतात आणि पहिली मादी किनाऱ्यावर यायला डिसेंबर उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. गावात लोक म्हणतात, यंदा कासवं उशिरा आली, पण आली. एकूण घरटी मोजली तर आकडा कमी दिसत नाही. पण हंगाम महिनाभर पुढे सरकला तर जे निसटतं ते नेमकं थंडीतलं टोक. संख्या तीच, अंडी तीच, पिल्लंही तेवढीच, आणि तरी त्यातून नर गळालेले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतातल्या हवामानबदलाचा जो आढावा संपादित केला, त्यात १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एका अंशानं वाढल्याचं म्हटलं आहे. एक अंश हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तर क्षुल्लक वाटतो. ज्या प्राण्याचं नर-मादीचं गणित २८ आणि ३२ यांच्यामध्ये मावतं, त्याच्या बाबतीत, वाळूही तेवढीच तापली तर, एक अंश ही त्या पट्ट्याची चौथाई आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांचं काय झालं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या कासवांत प्रौढांमध्ये माद्या ८७ टक्क्यांच्या आसपास होत्या, आणि अजून वयात न आलेल्यांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त. ही कासवं जगातल्या सर्वांत मोठ्या हिरव्या कासवांच्या वसाहतींपैकी एकीची. किनाऱ्यावर उभं राहून मोजणाऱ्याला तिथं काहीच बिघडलेलं दिसणार नाही, कारण किनाऱ्यावर फक्त माद्या येतात. नर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की बहुधा पुन्हा जमिनीवर येतच नाही. आपण ज्याला कासवांची संख्या म्हणतो ती खरं तर माद्यांची, त्यातही घरटं करणाऱ्या माद्यांची मोजणी असते.

आणि इथं तापमानवाढीचा सर्वांत फसवा भाग आहे. सुरुवातीला तिच्यामुळे संख्या वाढते. माद्या जास्त जन्मल्या की काही वर्षांनी घरटी जास्त होतात, घरटी वाढली की अंडी वाढतात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, शिवाय नर बऱ्याचदा माद्यांपेक्षा कमी वर्षांच्या अंतरानं जुगायला येतात, त्यामुळे थोड्या नरांवरही बराच काळ भागतं. ऑलिव्ह रिडलेला वयात यायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे आज जन्मणाऱ्या पिल्लांत नर नसतील तर त्याचा फटका किनाऱ्यावर दिसायला निदान एक पिढी जावी लागेल. तोवर दरवर्षी घरट्यांचा आकडा चढता असू शकतो आणि आपण दरवर्षी समाधानानं तो छापू शकतो. वाढ खरी असते, पण ती आधीच्या पिढीतल्या नरांच्या जिवावर चाललेली असते.

नर कमी झाले की दुसरी गोष्ट घटते ती जनुकीय वैविध्य, आणि ती तर मोजणीत अजिबातच दिसत नाही. लोकसंख्येच्या जनुकशास्त्रात 'प्रभावी संख्या' नावाची एक कल्पना आहे. किती प्राणी आहेत यापेक्षा पुढच्या पिढीत किती जणांचा वेगवेगळा वारसा उतरतो, याचा तो अंदाज. जुगणाऱ्या नरांची आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करायचा, त्याला चारनं गुणायचं आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. शंभर कासवांत पन्नास नर, पन्नास माद्या असतील तर प्रभावी संख्या शंभर येते. दहा नर आणि नव्वद माद्या असतील तर छत्तीस. एक नर आणि नव्याण्णव माद्या असतील तर जेमतेम चार. डोळ्यांना दिसणारी कासवं तिन्ही वेळा शंभरच. मी हे गणित वाळूवर काडीनं लिहून कासवमित्रांना दाखवलं तेव्हा काका बराच वेळ त्या चारच्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे सगळी एकाच बापाची." मला हे याहून नेमकं सांगता आलं नसतं.

वैविध्य घटलं म्हणून काय बिघडतं, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचं एक उत्तर मला वाळूतच मिळतं. एकाच दिवशी, एकाच ओळीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर पुरलेली दोन घरटी असतात. लॉगरवरचे आलेख जवळजवळ एकसारखे. तरी उन्हाळ्याच्या शेवटी एका घरट्यातली बहुतेक पिल्लं धडपणे बाहेर येतात आणि दुसऱ्यातली निम्मी अंड्यातच राहतात. कारणं अनेक असू शकतात, पण त्यात एक कारण आई-बापांकडून आलेलं असतं. उष्णता सोसण्याची ताकद प्रत्येक वंशात सारखी नसते. नर-मादी समसमान निघण्याचं तापमानसुद्धा सगळ्या घरट्यांत तंतोतंत एकच नसतं, थोडं इकडे-तिकडे असतं. हे 'थोडं इकडे-तिकडे' हीच कासवांची शिल्लक आहे. उद्या वाळू आणखी तापली तर तगतील ती त्या शिल्लकीतली. शिल्लक संपली तर सगळी घरटी एकाच वेळी जातील.

दुसरं उत्तर स्वीडनमधलं आहे. तिथं दक्षिण किनाऱ्यावर अ‍ॅडर नावाच्या विषारी सापांची एक छोटी वसाहत इतरांपासून तुटून राहिली होती. आपापसातच वीण होत राहिल्यानं मेलेली आणि व्यंग असलेली पिल्लं जन्मत होती आणि वसाहत झपाट्यानं घटत होती. १९९२ मध्ये दुसरीकडचे २० नर तिथं आणून सोडले आणि काही हंगामांनंतर त्यातले उरलेले परत नेले. पुढच्या काही वर्षांत तीच वसाहत जोमानं वाढली. तिथलं रान, खाणं, हवामान काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते रक्त. संख्यावाढीचा दर वैविध्यावर किती अवलंबून असतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

आपल्या कासवांच्या बाबतीत दिलासा देणारी बाजूही आहे, आणि ती मला अलीकडे फार धीर देते. भारतीय किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंच्या डीएनएचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. इथला वंश या जातीतला प्राचीन असून हिंदी महासागरातूनच ती अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये नव्यानं पसरली असावी, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे आपल्या दारात येणारा हा वारसा साऱ्या जातीचं मूळधन आहे. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर एका वेळी लाखो माद्या घरटी करतात. आपल्याकडे कोकणात एकेकटीच मादी येते. ही दोन घराणी वेगळी, असं आम्ही धरून चाललो होतो. पण २०२३ मध्ये गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियानं पायाला टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. अंतर साडेतीन हजार किलोमीटर. ती बातमी किनाऱ्यावर पसरली त्या दिवशी मी गावागावात फोन करत होते. दोन किनाऱ्यांचं रक्त मिसळण्याची वाट खुली असू शकते, याचा तो हातात धरता येईल असा पुरावा होता.

पण वाट असली म्हणून वाहतूक आपोआप पुरेशी होते असं नाही. कोस्टारिकात ऑलिव्ह रिडलेंच्या घरट्यांतल्या पिल्लांचं पितृत्व तपासलं तेव्हा जिथं लाखोंनी माद्या येतात त्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर ९२ टक्के घरट्यांत एकापेक्षा जास्त बाप आढळले. जिथं एकेकटी मादी येते त्या प्लाया एर्मोसावर हे प्रमाण ३० टक्के होतं. आपला किनारा दुसऱ्या प्रकारचा. इथं प्रत्येक नराला किंमत जास्त आहे.

मग करायचं काय, यावर आमच्यात खूप चर्चा होते आणि मतभेदही होतात. सोपा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. हॅचरीवर नारळीच्या झापांचं छप्पर घालायचं, पाणी शिंपडायचं, वाळू थंड ठेवायची. मार्चनंतरच्या घरट्यांवर सावली करणं मला गरजेचं वाटतं. तिथं प्रश्न नर-मादीचा राहत नाही, जगण्या-मरण्याचा होतो. पण तापमान हातात धरून हवे तेवढे नर, हव्या तेवढ्या माद्या काढू, या विचाराला माझा विरोध आहे. केम्प्स रिडले या ऑलिव्ह रिडलेच्या सख्ख्या बहिणीबाबत हे घडून गेलं आहे. मेक्सिकोच्या आखातात तिची घरटी इतकी घटली की १९८५ मध्ये फक्त ७०२ उरली. तिला वाचवण्यासाठी १९७८ पासून दहाएक वर्षं मेक्सिकोतली अंडी टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेऊन फोमच्या पेट्यांत उबवली. पेट्या थंड पडल्या आणि सुरुवातीच्या वर्षांत नरच जास्त निघाले. ते लक्षात आल्यावर उष्णता वाढवली, तर पुढे माद्याच माद्या. हेतू चांगला, माणसं जाणकार, तरी लंबक या टोकाहून त्या टोकाला गेला.

माझं मत असं की किनारा जितका विविध राहील तितकी कासवं सुरक्षित. मादी स्वतः घरटं करते तेव्हा एक सुरूच्या बनाच्या सावलीत करते, एक उघड्या पुळणीवर, एक खाडीच्या मुखाशी, एक ओलसर वाळूत. सगळ्यांचं तापमान वेगळं. आपण ती सगळी उचलून एका कुंपणात आणतो तेव्हा त्या सगळ्यांना एकच हवामान देतो. हॅचरी हवीच. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून अंडी वाचली ती हॅचरीमुळे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं वेळासला हे काम सुरू केलं नसतं तर आज मोजायला काही उरलंच नसतं. पण जिथं राखण शक्य आहे तिथं काही घरटी जागेवरच जाळी लावून ठेवावीत, आणि हॅचरीचं कुंपण सगळं एकाच उन्हात नको, काही भाग झाडांच्या सावलीत असावा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं दापोलीच्या किनाऱ्यावरचे माड आणि सुरूची बनं आडवी केली. त्या झाडांबरोबर पुळणीवरची सावलीही गेली, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तिथं पुन्हा झाडं उभी करताना सावली देणारं स्थानिक काही लावता येईल का, हे गावांनी आणि वनखात्यानं मिळून बघायला हवं.

आणि थंडीतल्या घरट्यांवर सर्वाधिक पहारा हवा. सध्या उलट घडतं. पिल्लं समुद्रात जाताना बघायला भरणाऱ्या कासव महोत्सवाची गर्दी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा माणसं, पैसा, उत्साह सगळं असतं. डिसेंबरच्या पहाटे पुळणीवर एकच कासवमित्र असतो, तुटपुंज्या मानधनावर, अंगावर शाल घेऊन. त्या महिन्यात कुत्र्यांनी फोडलेलं एक घरटं म्हणजे पुढच्या पिढीतले कितीतरी बाप गेले. हंगामाच्या सुरुवातीचं मानधन वाढवा आणि राखणीला आणखी माणसं द्या, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत करत आले आहे आणि करत राहणार आहे.

शेवटी एक विनंती, किनाऱ्यावरच्या गावांना. गेल्या वीस-बावीस वर्षांत कासवमित्रांनी साध्या वह्यांत नोंदी केल्या आहेत. अंडी कधी पुरली, पिल्लं कधी निघाली, किती निघाली. तेव्हा कुणाकडे लॉगर नव्हते. त्या दोन तारखांमधल्या दिवसांवरून तेव्हा नर किती निघत असतील आणि आता किती निघतात, याचा अंदाज आज बांधता येतो. त्या काळातल्या घरट्यांचा दुसरा कोणताही पुरावा आपल्यापाशी नाही. काही वह्या वनखात्याकडे पोचल्या, काही अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. तुमच्या घरी अशी वही असेल, पानं फाटलेली असतील, शाई पुसट झाली असेल, तरी ती रद्दीत घालू नका. तिचे फोटो काढा आणि जवळच्या वनपालाकडे किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे द्या.